राणीच्या बागेत कशासाठी जायचं?

लहान पोरांना घेऊन राणीच्या बागेत जाणार असाल, तर न मागता एक सल्ला देते. आत शिरल्या शिरल्या "आता कुठला प्राणी?" हा खेळ सुरू करू नका.

आपल्याकडे पोरं बागेतून आली की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय काय पाहिलंत?" मग एकेका प्राण्याची हजेरी. एखादा राहिला की "अरेरे, मग गेलात कशाला?" म्हणजे सहल नव्हे, तोंडी परीक्षाच! त्यात २०१७ साली मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून एकदम पन्नासवर गेलं. मुंबईच्या मानाने फार नाही, पण खिशातून नोट गेली की 'वसूल' हा शब्द मनात येतोच. मग भर उन्हात एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पोराचं मनगट आणि "चल लवकर, अजून बिबट्या राहिलाय..."

गंमत म्हणजे घाई आपल्याला असते, पोरांना नाही. गेल्या खेपेला पाणघोडा पाण्यात बुडून बसला होता. दिसले ते फक्त दोन कान. आमच्या चार वर्षांच्या धाकटीला त्याचं काहीच वाटलं नाही. ती रमली कैलासपतीच्या झाडाशी. या झाडाची फुलं थेट बुंध्यातून लोंबणाऱ्या काड्यांवर येतात आणि फळं म्हणजे तोफेचे गोळे. सात वर्षांच्या थोरल्याने विचारलं, "आई, हे झाड उलटं आहे का?" गोळा डोक्यात पडायला नको म्हणून जरा लांब बसलो आणि अर्धा तास कसा गेला कळलं नाही. सासूबाई मात्र चुळबुळत होत्या, पेंग्विनची रांग वाढेल म्हणून :)

पेंग्विनही पाहिले. गोड आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण विचार करा. हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली त्यांना इथे आणलं आणि त्यांच्यासाठी काचेमागे रात्रंदिवस गारवा राखावा लागतो. कैलासपतीही दक्षिण अमेरिकेचाच! तो मात्र मुंबईच्या उकाड्यात असा रुळला की आपल्याला त्याच्या फुलात शंकराची पिंड दिसते. पेंग्विनपुढून रांग तुम्हाला पुढे ढकलते. झाड कुणाला "चला, सरका" म्हणत नाही.

खरं तर १८६२ साली सुरू झालेली ही बाग मुळात झाडांचीच. प्राणी नंतर आले. २००७ साली नूतनीकरणाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा झाडांच्या काळजीने काही मुंबईकरांनी नेटाने विरोध केला. अशी वेळ पुन्हा येणारच नाही असं नाही. तेव्हा ही झाडं आपली कुणाला वाटतील? ज्यांनी लहानपणी त्यांच्याखाली बसून पडलेली फुलं हातात घेतली, त्यांनाच. पिंजऱ्याकडून पिंजऱ्याकडे पळत मोठ्या झालेल्यांना झाडं म्हणजे दोन पिंजऱ्यांमधली सावली, बस्स.

कुणी म्हणेल, पोरांना प्राणी बघायची हौस असते त्याचं काय? असतेच की. ती मोडा असं मी म्हणत नाही. घरून निघतानाच त्यांना दोन प्राणी निवडायला सांगा. ते दोन मनसोक्त बघा आणि बाकीचा वेळ झाडांना द्या. गोरखचिंचेच्या खोडाला पोरांना मिठी मारायला लावा, हात पुरतात का बघू दे. तोडायचं मात्र काही नाही, खाली पडलेलं तेवढंच आपलं.

असो. एकदा जाऊन बघा. फक्त बुधवारी नको, बुधवारी बाग बंद असते.