खेळाडूलाही सक्तीची रजा हवी

ताप उतरून एक दिवस झाला नाही तोच पेशंट दवाखान्यात येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, गोळ्या हव्या तेवढ्या द्या, पण घरी बसायला सांगू नका.’ औषध घ्यायला माणसे तयार असतात, विश्रांती घ्यायला नसतात. गोळी घेतली की उपचार झाल्यासारखे वाटते आणि स्वस्थ पडून राहिले की काहीतरी गुन्हा केल्यासारखे वाटते. वाचकहो, हा केवळ आपल्या गावचा स्वभाव आहे असे समजू नका. जगातल्या अत्यंत धिप्पाड आणि भरपूर पगार घेणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीतही हाच तिढा गेली तीस वर्षे चालू आहे. तो खेळ म्हणजे रग्बी युनियन.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहायला मिळत नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. प्रत्येक बाजूला १५ खेळाडू, लांबट अंड्याच्या आकाराचा चेंडू आणि ४० मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्याने खांद्याने भिडून, कवेत धरून त्याला खाली पाडायचे. याला टॅकल म्हणतात. आपल्या कबड्डीतील पकड डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की इथे शंभर-सव्वाशे किलोचे गडी मोकळ्या मैदानात धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि अंगावर कडक हेल्मेट किंवा चिलखत काही नसते.

ऑगस्ट १९९५ पर्यंत हा खेळ अधिकृतपणे हौशी होता. त्या महिन्यात आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळाडूंना पैसे देण्यावरील बंदी उठवली आणि चित्र पालटले. दिवसभर व्यायाम करून शरीरे अधिक वजनदार झाली, वेग वाढला, सामने वाढले. क्लब पगार देतो, देशाचा संघ मान देतो, दूरचित्रवाणी पैसा आणते. या सर्वांना एकच उत्तम खेळाडू हवा असतो. त्याचे शरीर मात्र एकच असते.

सामन्यानंतर त्या शरीरात काय घडते? स्नायूंच्या पेशी फुटल्या की क्रिएटिन कायनेज नावाचे द्रव्य रक्तात उतरते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात सामना खेळलेल्या रग्बीपटूंचे रक्त तपासले गेले. हे द्रव्य दुसऱ्या दिवशी सर्वांत वाढलेले आढळले आणि ज्याच्या वाट्याला टॅकल जास्त, त्याच्या रक्तात ते जास्त. म्हणजे नुसत्या धावण्याने नव्हे, तर आदळण्यानेही स्नायू फुटतात. ही झीज भरून यायला काही दिवस जावे लागतात. दुखणे थांबले म्हणजे पेशी भरून आल्या असे नाही. पण खेळाडू ठरवतो ते दुखण्यावरून, आणि फसतो तो इथेच.

आता थोडे आकडे पाहू. व्यावसायिक रग्बीतील दुखापतींचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये सरासरी काढण्यात आली. सामन्यांतील दर हजार खेळाडू-तासांमागे ८१ दुखापती, तर सरावात दर हजार तासांमागे ३. साधा हिशेब करा. १५ खेळाडू ८० मिनिटे खेळले की २० तास होतात. हजार तास म्हणजे एका संघाचे ५० सामने. ५० सामन्यांत ८१ दुखापती, म्हणजे प्रत्येक सामन्यात प्रत्येक संघाचे एक ते दोन गडी जायबंदी.

मग सामने कमी केले की झाले? तसेही नाही. इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंचा सात हंगामांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या बारा महिन्यांत ३५ हून अधिक सामने खेळलेल्यांना दुखापतीचा धोका जास्त होता. पण १५ किंवा त्याहून कमी सामने खेळलेल्यांनाही तो जास्तच होता. कुणी आधीच्या दुखण्यातून उठलेला असेल, कुणाच्या अंगात खेळाची सवय मुरलेली नसेल. डॉक्टरला यात नवल वाटणार नाही. प्रत्येक औषधाची एक मात्रा असते, कमी पडली तरी अपाय, जास्त झाली तरी अपाय. विश्रांतीचेही तसेच आहे.

ही मात्रा चुकल्याचे उदाहरण म्हणून नेहमी न्यूझीलंडचे नाव घेतले जाते. २००७ च्या विश्वचषकापूर्वी प्रशिक्षक ग्रॅहॅम हेन्री यांनी २२ प्रमुख खेळाडूंना सुपर १४ या मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या सात फेऱ्यांतून बाहेर ठेवले आणि त्या काळात त्यांच्याकडून शरीर कमावून घेतले. पुढे सामन्यांमध्येही खेळाडू आलटून पालटून खेळवले. ऑक्टोबरमध्ये कार्डिफला उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने त्यांना २०-१८ असे हरवले. देशभर संताप झाला आणि विश्रांतीचेच नाव बदनाम झाले.

पण गोष्ट तिथे संपत नाही. हेन्री यांनाच पुन्हा नेमण्यात आले आणि २०११ चा विश्वचषक न्यूझीलंडने ८-७ असा जिंकला. त्या स्पर्धेत डॅन कार्टर हा मुख्य खेळाडू जखमी झाला. त्याच्या जागी आलेला जखमी झाला, आणि अंतिम सामन्यात तिसराही जखमी झाला. विजयी गुण मिळवले ते चौथ्याने, स्टीफन डोनाल्डने. मूळ संघात त्याचे नावही नव्हते! राखीव गड्यांची फळी खोल ठेवण्याचा उपयोग असा होतो.

त्याच स्पर्धेत कर्णधार रिची मॅकॉ पायाचे हाड मोडलेले असताना खेळत होता, हे नंतर उघड झाले. लोकांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. मला मात्र त्यात दुसरेच दिसते. असा माणूस स्वतःहून विश्रांती मागेल काय? म्हणूनच पुढची हकीकत महत्त्वाची वाटते. मॅकॉच्या करारातच लांब सुटीची तरतूद होती आणि २०१३ च्या सुरुवातीला तो सुमारे सहा महिने खेळापासून दूर राहिला. कार्टरनेही नंतर अशी सुटी घेतली. २०१५ मध्ये न्यूझीलंडने पुन्हा विश्वचषक जिंकला. तेव्हा कर्णधार होता ३४ वर्षांचा मॅकॉ आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ३३ वर्षांचा कार्टर. केवळ सुटीमुळे विश्वचषक मिळाला असे कोणी म्हणणार नाही. पण सुटीने त्यांचे नुकसान झाले नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

प्रेक्षकांची तक्रारही खोटी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये फ्रान्सचा संघ न्यूझीलंडला गेला तो बहुतेक नामवंत खेळाडूंना घरी ठेवून. पैसे मोजून तिकीट काढणारा म्हणतो, मला दुय्यम संघ का दाखवता? पण तारखा पाहा. फ्रान्सच्या क्लब स्पर्धेचा अंतिम सामना २८ जूनला, तोही जादा वेळेपर्यंत लांबलेला, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पहिली कसोटी ५ जुलैला. दोष विश्रांतीचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

खरा धोका असतो तो डोक्याच्या मारात. स्नायू निदान दुखतो, मेंदूची दमछाक तशी कळत नाही. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्पसन याने २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले की आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे. तेव्हा त्याचे वय होते अवघे ४२. तो विजयाचा सामना आपल्याला आठवत नाही, असे त्याने सांगितले. एका माणसाच्या आजाराचे कारण दुरून ठरवणे डॉक्टरला शोभत नाही. पण डोक्याला वारंवार बसणारे धक्के मेंदूला घातक ठरू शकतात, याविषयी आता फारसे दुमत राहिलेले नाही.

जागतिक संघटना हळूहळू जागी झाली आहे. डोक्याला मार बसलेला व्यावसायिक खेळाडू पूर्वी आठवड्याच्या आत मैदानात परतू शकत असे. जुलै २०२२ पासून बहुतेकांना किमान १२ दिवस बाहेर राहावे लागते. सरावातील पूर्ण ताकदीची धडकाधडकी आठवड्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त नसावी, अशी शिफारस २०२१ मध्ये करण्यात आली. ही शिफारस मला फार मोलाची वाटते. शनिवारचा सामना चुकवून मंगळवारी सरावात तितकेच आदळायचे असेल, तर ती विश्रांती नव्हे. संघातले नाव बदलले, शरीराचे कष्ट तेच राहिले.

माझे मत स्पष्ट आहे. दमलेल्या माणसाला ‘दमलास का?’ असे विचारून विश्रांती ठरवू नये. खेळाडू ‘नाही’ म्हणणार, कारण बसलो तर जागा जाईल ही भीती. प्रशिक्षकही ‘नाही’ म्हणणार, कारण हरलो तर नोकरी जाईल ही भीती. म्हणून विश्रांतीचा नियम लेखी आणि बंधनकारक हवा.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे क्लब आणि देश यांच्या सामन्यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे. एक पेशंट दोन डॉक्टरांकडे जातो, दोघेही आपापल्या परीने बरोबर औषध देतात आणि दुप्पट मात्रा पोटात जाते. रग्बीपटूचे असेच होते. दुसरी गोष्ट, वर्षातून सलग काही आठवडे पूर्ण सुटी, जिच्यात कोणालाही बोलावता येणार नाही. आणि तिसरी, डोक्याला मार बसल्यावर खेळायला परवानगी देणारा डॉक्टर संघाच्या पगारावर नसावा. आपल्याला पगार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे अवघड असते, ते डॉक्टरलाही चुकलेले नाही.

आपल्याकडेही आता शालेय स्पर्धांमध्ये रग्बी आली आहे आणि कबड्डी तर घरचीच. तेव्हा पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना एक सांगणे आहे. खेळताना डोके आपटल्यावर मूल गोंधळले, त्याला चक्कर आली, उलटी झाली किंवा डोके दुखू लागले, तर त्याला लगेच बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा उतरवू नका आणि डॉक्टरला दाखवा. व्यावसायिक नसलेल्या खेळाडूंसाठी जागतिक रग्बी संघटना किमान २१ दिवस सामन्यापासून दूर राहायला सांगते. ‘मला काही झालं नाही, मी खेळतो’ असे मूल म्हणेलच. पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्यावर सोपवू नका.