इम्पोस्टर सिंड्रोम : उपचार कोणावर?

मिळालेले यश आपल्या लायकीचे नाही, ते नशिबाने पदरात पडले आणि एक दिवस आपले बिंग फुटेल, ही कर्तबगार माणसालाही छळणारी धास्ती ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणून ओळखली जाते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये स्त्रियांच्या अभ्यासातून तिचे प्रथम वर्णन केले. पुढे असे मत रूढ झाले, की हा अशी धास्ती वाटणाऱ्या स्त्रीच्या मनाचाच दोष आहे आणि तिने आत्मविश्वास वाढवला की तो दूर होतो.

अल्पसंख्य समाजातील स्त्रियांच्या बाबतीत हे मत टिकत नाही. मूळ अभ्यासातील दीडशेहून अधिक स्त्रिया बहुतांशी गोऱ्या आणि मध्यम वा उच्च वर्गातील होत्या. वर्णभेद सोसणाऱ्या स्त्रीला त्यांचेच निदान लावणे मुळात घाईचे आहे. शिवाय स्वतःविषयीची शंका पुष्कळदा बाहेरूनच पेरली जाते. पुढे अंतराळवीर झालेल्या कृष्णवर्णी मे जेमिसन वयाच्या सोळाव्या वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेल्या. त्यांनी प्रश्न विचारला की काही प्राध्यापक दुर्लक्ष करीत. तोच प्रश्न गोऱ्या मुलाने विचारला की त्याची वाखाणणी होई, असे त्यांनी सांगितले आहे. इथे सुधारणा विद्यार्थिनीच्या मनात करायची की वर्गाच्या रीतीत? आत्मविश्वासाने बंद दारेही उघडत नाहीत. वैमानिक होऊ पाहणाऱ्या बेसी कोलमन यांच्यापाशी जिद्द भरपूर होती. तरी अमेरिकेतील वैमानिक प्रशिक्षण शाळांनी कृष्णवर्णी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या फ्रान्सला गेल्या आणि १९२१ मध्ये वैमानिक परवाना मिळवूनच परतल्या.

दारे उघडण्याबरोबरच समोर आपल्यासारख्या स्त्रीचा आदर्शही लागतो. यावर आक्षेप असा, की अंगी गुण असतील तर आदर्श कशाला हवा? सप्टेंबर १९९२ मध्ये जेमिसन अंतराळात जाणाऱ्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री ठरल्या, तेव्हा त्यांनी सोबत कोलमन यांचे छायाचित्र नेले होते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत निशेल निकोल्स यांनी साकारलेली अधिकारी उहुरा ही आपली प्रेरणा होती, असेही त्या सांगतात. गुण त्यांचेच होते. पण त्या गुणांना कुठवर जाता येते, हे आधीच्या स्त्रीने दाखवले होते.

याला भारतातूनही भक्कम पुरावा मिळतो. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतींची स्त्रियांसाठी राखीव प्रधानपदे यादृच्छिक पद्धतीने ठरत. बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दोन कार्यकाळ हे पद स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी आईवडिलांच्या आकांक्षांतील दरी घटलेली, तर खुद्द मुलामुलींच्या आकांक्षांतील दरी ३२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातील तफावतही मिटली. मुलींना आत्मविश्वासाचे धडे कोणी दिले नव्हते. त्यांनी सत्तेवरची बाई पाहिली होती.

मात्र एकीला मानाच्या खुर्चीत बसवले म्हणजे काम संपले, हा समजही चुकीचा आहे. एकटीवर साऱ्या समाजाचे ओझे पडते; तिची चूक तिची न राहता तिच्या जातीची, वर्णाची किंवा धर्माची ठरते. आदर्श अनेक हवेत, अधिकाराच्या जागी हवेत आणि टिकून राहायला हवेत. म्हणून उपचार त्या स्त्रीच्या मनावर नव्हे, तर संस्थांच्या निवडीवर, बढतीवर आणि वागणुकीवर व्हायला हवा. शंका घेणारी व्यवस्था बदलल्याशिवाय स्त्रीच्या मनातील शंका जाणार नाही.