कपाटातला राउटर बाहेर काढा!

प्रत्येक घरात एक खोली अशी असतेच, जिथे वाय-फायची एकच काडी उरते. आणि गंमत म्हणजे, दार लावून शांतपणे काम करता येईल अशी नेमकी तीच खोली असते! फायबरवाला येतो, दाराजवळ जिथे त्याची वायर संपते तिथेच डबा ठोकतो आणि निघून जातो. तिथून बेडरूमपर्यंत मध्ये काय काय? आरसीसीची भिंत, टाइल्स लावलेलं बाथरूम, लोखंडी कपाट. सिग्नल बिचारा करणार काय?

आमच्याकडे यामुळे माझं ऑफिस हॉलमध्ये भरायचं. माझा दुपारचा कॉल सुरू झाला, की दिवाणावर आडवे झालेले सासरे उठायचे, चष्मा आणि पेपर घेऊन खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायचे. ऐन मे महिन्यातसुद्धा. बाबा कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण माझ्या क्लायंटसाठी त्यांनी स्वतःच्या घरातून उठून जायचं, हे काही मला पटेना. मी आत जायचं तर नेटलाही आत न्यायला हवं होतं.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा एक्स्टेंडर दाखवतात. सॉकेटला खोचा, झालं! पण साधा एक्स्टेंडर हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे सांगतो. एकाच रेडिओवर दोन्ही कामं असली तर स्पीड निम्म्यावर येतो. मेश सिस्टिम छान असते, पण खिशाला चाट. आणि इकडे आधीच्या कनेक्शनचा राउटर माळ्यावर धूळ खात पडलेला! तो तुमच्या मालकीचा असेल (कंपनीला परत द्यायचा नसेल) तर तोच आत बसवायचा, ॲक्सेस पॉइंट म्हणून. खरी मेख राउटरमध्ये नाहीच, केबलमध्ये आहे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट स्पीड आरामात नेते. आपला टू बीएचके म्हणजे तिच्यासाठी किस झाड की पत्ती. जुन्या टीव्ही केबलची किंवा लँडलाइनची पाइप भिंतीत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्यातून ओढून घ्या. लाइटच्या वायरींच्या पाइपमध्ये मात्र अजिबात नको.

आता सेटिंग. राउटरच्या मागच्या भोकात पिन दाबून धरा, म्हणजे तो नव्यासारखा कोरा होईल. लॅपटॉप फक्त त्यालाच केबलने जोडा आणि तळाच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. मेनूमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' दिसला तर लॉटरीच, तो निवडा आणि सांगेल तसं करा. नसेल तर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात. एक, त्याचा आयपी ॲड्रेस बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या, फक्त मुख्य राउटर मोबाइल-लॅपटॉपना जे नंबर वाटतो त्यांत हा येत नाही ना, ते बघून घ्या. सेव्ह केलं की पेज गायब होतं. घाबरू नका, नव्या पत्त्यावर पुन्हा उघडा. दुसरी गोष्ट, डीएचसीपी बंद करा. एका सोसायटीत दोन वॉचमन आपापल्या मनाने पार्किंग वाटायला लागले तर काय होईल? तेच इथे होतं: मोबाइल म्हणतो 'कनेक्टेड', आणि नेटचा पत्ता नाही.

मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल जुन्याच्याही लॅन पोर्टमध्येच खोचा. वेगळ्या रंगाचा 'वॅन' पोर्ट रिकामा ठेवायचा. हात आपोआप तिकडेच जातो, पण हाताने केलेल्या सेटिंगमध्ये तिथे केबल लावलीत तर घरात दोन वेगळी नेटवर्क होऊ शकतात आणि बेडरूममधला लॅपटॉप हॉलमधल्या प्रिंटरला ओळख दाखवत नाही.

नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, असं सगळे सांगतात. ठीक आहे, पण कुठल्या डब्याला चिकटायचं हे मोबाइल स्वतः ठरवतो, आणि काही मोबाइल हॉलचा मेलेला सिग्नल सोडायलाच तयार नसतात. म्हणून मी आतल्याला वेगळं नाव दिलं. चॅनेलही वेगळे हवेत; २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांतले दोन निवडा, ते एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असले, तर बेडरूममध्ये त्याच्यापुढे स्पीड मिळणार नाही. पण व्हिडिओ कॉलला एवढा रग्गड झाला, बॉस!

डबा फारच म्हातारा असेल आणि सिक्युरिटीत फक्त डब्ल्यूईपी दाखवत असेल, तर सरळ ई-कचऱ्यात द्या. ती पद्धत २००४ मध्येच मोडीत निघाली. किमान डब्ल्यूपीए२ हवंच. ॲडमिनचा पासवर्डही बदला. आणि नवा आयपी ॲड्रेस चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या तळाला लावून ठेवा. सहा महिन्यांनी तो कोणालाही आठवत नाही.