गुडघ्यातील कृत्रिम अस्थिबंध : टिकाऊपणाची खरी कसोटी

गुडघ्याच्या पोकळीत मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना जोडणारे दोन अस्थिबंध परस्परांस फुलीप्रमाणे छेदून जातात. त्यांपैकी पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही व तिच्या पिळण्यास मर्यादा घालतो. पाय जमिनीत रोवलेला असता खेळाडूचे शरीर अकस्मात वळले, की हा बंध तुटतो. संधिद्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरत नाही. यास्तव तो सहसा आपोआप सांधत नाही.

अशा वेळी रुग्णाच्याच वाटीखालची किंवा मांडीमागची कंडरा काढून तिचा नवा बंध करतात. परंतु ती जेथून काढली तेथे दुखणे वा अशक्तपणा राहू शकतो, आणि नवा बंध बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. तेव्हा तयार धागा बसवून रुग्णास लवकर चालते करावे, ही कल्पना मोहक वाटावी हे स्वाभाविकच होय. १९०३ साली म्यूनिकचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ लांगे यांनी या कामी रेशीम वापरले होते. १९७० नंतरच्या दशकात कार्बनचे तंतू आले. त्यांचे तुकडे सांध्यात विखुरलेले आढळले. १९८६ साली अमेरिकेत गोअर-टेक्सच्या बंधास, पूर्वीची शस्त्रक्रिया विफल झालेल्या रुग्णांपुरती, मान्यता मिळाली. त्याचे आरंभीचे बळ नैसर्गिक बंधाच्या दुपटीहून अधिक होते. तरीही काही वर्षांतच गुडघे सुजू लागले, बंध सैल पडू लागले, तुटू लागले, आणि १९९३ साली तो बाजारातून काढून घेण्यात आला.

एवढे बळ असूनही अपयश का यावे? दिवसास पाच हजार पावले चालणारा मनुष्य आपला प्रत्येक गुडघा वर्षाकाठी नऊ लाखांहून अधिक वेळा वाकवितो. सजीव बंधास होणारी बारीकसारीक इजा त्यातील पेशी भरून काढतात. रुग्णाच्या कंडरेतही कालांतराने रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि तिची पुनर्घटना होते. कृत्रिम धागा मात्र हाडातील छिद्राच्या कडेवर घासत राहतो. त्याचा जो तंतू तुटला तो तुटलाच. शिवाय झिजलेले कण सांध्याच्या अस्तराचा दाह करतात. म्हणजे प्रयोगशाळेत एकदा ताणून मोजलेले बळ ही गुडघ्यातील टिकाऊपणाची कसोटी होऊ शकत नाही.

फ्रान्समध्ये १९८५ च्या सुमारास लाबूरो यांनी सिद्ध केलेल्या लार्स या पॉलिएस्टर बंधात हे दोष टाळण्याचा यत्न आहे. त्याचे सांध्यातील तंतू आडवे न विणता मोकळे ठेवलेले असतात, जेणेकरून शरीराची ऊती त्यांत वाढावी. पहिल्या काही वर्षांचे अनुभव आशादायक होते. पुढे मात्र त्याही बंधाच्या तुटण्याची व दाहाची वृत्ते आली. अनेक बंध एकाच वेळी तुटले असता, किंवा रुग्णाची स्वतःची कंडरा उपलब्ध नसता, अशा साधनाचा उपयोग होऊ शकेल. तथापि, वीस वर्षांच्या तरुणास तो गुडघा आणखी चाळीस-पन्नास वर्षे वापरावयाचा असतो. काही महिने लवकर मैदानावर उतरण्यासाठी त्याने अधिक अवघड अशा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पत्करावा, असा सल्ला देणे उचित नव्हे.

नवे तंतू शोधण्याचे कार्य अवश्य चालू राहावे. परंतु त्यांचा न्याय दोन वर्षांच्या निष्कर्षांवर होऊ नये. नॉर्वेने २००४ पासून आणि डेन्मार्क व स्वीडन यांनी २००५ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. भारतातही कृत्रिम बंध बसविलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी, किमान दहा वर्षे त्याची विचारपूस व्हावी, आणि बंधाच्या यशाबरोबर त्याच्या अपयशाचा इतिहासही रुग्णास शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या भाषेत सांगितला जावा. गुडघा रुग्णाचा आहे; तेव्हा निर्णयास लागणारी माहितीही त्याच्या हाती असली पाहिजे.