विक्रम उंचीचा, हिशेब खोलीचा

लडाखमधील उमलिंग ला खिंडीतला रस्ता 19,024 फुटांवर आहे, ही बातमी 2021 मध्ये देशभर झळकली. तिचा अभिमान रास्तच आहे. परंतु रस्त्याची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती होते हिवाळा सरून बर्फ वितळू लागते तेव्हा. त्या परीक्षेचा निकाल मात्र क्वचितच छापून येतो.

हिमालयात डांबर उखडले की दोन ठरीव कारणे पुढे केली जातात : ठेकेदाराची लबाडी आणि गोठताना 9 टक्क्यांनी फुगणारे पाणी. पहिले कधी खरे असेलही. दुसरे अपुरे आहे. स्टीफन टेबर यांनी 1930 च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझिन वापरून प्रयोग केले. बेंझिन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती वर उचलली गेली! कारण गोठणारा थर खालच्या ओलीतून द्रव सतत वर खेचत राहतो. पाण्याच्या बाबतीत त्यातून बर्फाचे भिंगाकार थर वाढतात आणि रस्त्याला उचलतात. पुढे वितळण्याची सुरुवात प्रामुख्याने वरून होते. खालची माती अजून गोठलेली असल्याने पाण्याला वाट मिळत नाही, पायाचा चिखल होतो आणि नेमकी त्याच वेळी मालमोटारींची रांग लागते.

या दुखण्याला शून्याखालचे तापमान, गाळाची बारीक माती आणि पाणी, अशी तिन्ही एकत्र यावी लागतात. थंडी कोणाच्या हाती नाही. माती बदलणे आणि पाण्याचा निचरा करणे हाती आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी:37’ ही मार्गदर्शिका गोठणप्रवण भागात रस्त्याच्या थरांची एकूण जाडी किमान 450 मिलिमीटर ठेवण्यास सांगते. पण किमान आकडा म्हणजे आराखडा नव्हे. गोठण किती खोल जाईल, हे थंडीची तीव्रता आणि तिचे दिवस यांवर ठरते. लेह आणि तवांग यांना एकच माप कसे पुरेल? मातीची ताकद जोखणाऱ्या प्रचलित सीबीआर चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात भिजवतात. तो गोठवून वितळवत नाहीत.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य वितळण्याच्या काळात वाहनांच्या भारावर मर्यादा घालते. सीमेवरील रस्त्यांना अशी मर्यादा परवडणार नाही, असा आक्षेप येईल. तो मान्य केला, तर पाया अधिक काटेकोरपणे रचणे हाच पर्याय उरतो.

म्हणून अशा प्रत्येक रस्त्याच्या फलकावर उंचीखाली आणखी एक आकडा हवा : गोठणीची मोजलेली खोली. उंचीने मथळे मिळतात. रस्ता टिकतो तो खोलीच्या हिशेबाने.