मास्क कारीगराच्या तोंडावर टिकत का नाही?

कारीगर मास्क लावत नाही, लावला तर गळ्यात लोंबत ठेवतो, अशी तक्रार भिवंडीचे यंत्रमाग मालक आणि डोंबिवलीचे रंगाईवाले करतात. आमचे मत उलट आहे. कारीगर हट्टी नाही, त्याला दिलेला मास्क वाईट आहे. ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत ज्या कापडाने जीव गुदमरतो ते पूर्ण पाळीभर नाकावर कोण ठेवील?

२०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत मास्क शिवूनच आपल्या कित्येक शिलाई कारीगरांची चूल पेटली. पण बाजारात पॉलिएस्टरच्या एकेरी मास्कचा सुळसुळाट झाला. जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की कापडी मास्क तीन थरांचा असावा. आत ओल शोषणारे सुती कापड, मध्ये न विणलेले पॉलीप्रॉपिलीन आणि बाहेर पाणी न धरणारे पॉलिएस्टर. म्हणजे पॉलिएस्टर वाईट नव्हते, त्याची जागा बाहेर होती. आम्ही व्यापाऱ्यांनी ते गालाला लावले!

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली. लूमवरची उडती रुई आणि रंगाची पूड मात्र तशीच आहे. सुती धुळीने होणाऱ्या छातीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. विलायतेत रविवारची सुट्टी, म्हणून तिथे त्याला सोमवारचा ताप म्हणत. ज्या कारखान्यात जुम्म्याची सुट्टी असते, तिथे शनिवारी कारीगराकडे लक्ष ठेवावे.

कापडी मास्क मोठी रुई अडवतो, बारीक धूळ नाही. त्यासाठी आयएस ९४७३ या मानकाचा एफएफपी२ मास्क घ्यावा. तो धुवू नये. रसायनाच्या वाफेला हे दोन्ही निकामी आहेत, तिथे डबीवाला मास्कच लागतो.

आता आरामाचे बोलू. कानामागचे इलास्टिक दोन तासांत काचते. डोक्यामागे बांधायची नाडी बरी, किंवा टोपीच्या दोन्ही बाजूंना बटणे टाकून कापडी मास्कचे इलास्टिक त्यात अडकवावे. कोणताही दर्जी हे काम करून देईल. नाकावर वाकणारी पट्टी असली की चष्म्यावर वाफ धरत नाही. वुजू केल्यावर चेहरा कोरडा पुसूनच मास्क लावावा, कारण ओल्या मास्कातून श्वास जड जातो. म्हणून पाळीला किमान दोन मास्क द्यावेत, पावसाळ्यात तीन. पाणी प्यायला धुळीपासून दूर जागा असावी, म्हणजे मास्क तिथे काढता येईल.

दाढीचेही स्पष्ट बोलले पाहिजे. घट्ट मास्कची किनार दाढीवर नीट बसत नाही आणि फटीतून धूळ आत जाते. यावरून कारीगराशी वाद घालू नये. रंगाची पूड तोलण्याचे काम दुसऱ्याला द्यावे. पंख्याने स्वच्छ हवा आत सोडणारी सैल टोपीही मिळते. ती महाग आहे, पण मोठ्या कारखान्याला परवडते. धूळ जागीच ओढून घेणारा पंखा तर मास्कच्याही आधी बसवायला हवा.

आणि घाऊक खरेदीपूर्वी चार नमुने आणून चार कारीगरांना एकेक पाळी लावू द्या. पसंती त्यांची, बिल तुमचे.