नवी चेनसॉ फुल रेसला दम का तोडते? दोष मशीनचा की व्यवहाराचा?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत लाकूडतोड आता कुऱ्हाडीवर आणि दोन माणसांनी ओढायच्या आऱ्यावर राहिलेली नाही. किनवट-माहूरचा सागवानी पट्टा सोडला तर आपल्याकडे जंगल थोडेच. काम निघते ते बांधावरच्या बाभळीचे, कडुलिंबाचे, वठलेल्या आंब्या-चिंचेचे. ते उचलणारे ठेकेदार, वखारवाले, आरागिरणीला ओंडके पुरवणारे आणि सुतार यांच्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या हातात आता पेट्रोलवर चालणारी चेनसॉ आली आहे. ती उधारीवर आली असेल तर मशीन बंद पडलेल्या दिवशी मजुरांची मजुरी आणि हप्ता दोन्ही अंगावर येतात.

या मशीनबाबत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच आहे. मशीन नवी कोरी, पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू होते, हळू रेसला गोड चालते. पण लाकडात घालून फुल रेस दिली की आवाज बसतो आणि चेन अडते. गिऱ्हाईक म्हणते, माल खराब दिला. दुकानदार म्हणतो, तुम्ही चालवून बिघडवली. मधला मिस्त्री दोघांचेही न ऐकता आधी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की अशा भांडणांपैकी बहुतेक दुकानाच्या काउंटरवरच टळायला हवीत. मशीन विकली जाते, तिच्याबरोबरची माहिती विकली जात नाही, हा खरा दोष आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. नवी मशीन हवेत धरून फुल रेस दिली तर ती थोडा तुटक, भरड आवाज करते. गिऱ्हाईक घाबरते. पण लाकडात घातल्यावर तोच आवाज स्वच्छ होत असेल तर दोष काहीच नाही. रिकाम्या फिरण्यात थोडे जास्त पेट्रोल मिळणे हे इंजिनच्या संरक्षणासाठीच असते. म्हणून मशीनची परीक्षा नेहमी लाकडात करावी, हवेत नव्हे. शिवाय पहिल्या तीन टाक्या तरी मशीन रिकामी फुल रेसवर ठेवू नये. रिंग आणि सिलिंडर एकमेकांना बसायला वेळ लागतो. पूर्ण ताकद त्यानंतरच येते.

आता खरोखर दम तोडत असेल तर तपासणीचा क्रम ठरलेला असावा. आधी इंजिन सोडून चेन पाहावी. चेन उलटी बसवली आहे काय, फार ताणली आहे काय, बारवर तेल येते काय, ब्रेक अर्धवट लागलेला आहे काय? मशीन बंद करून, हातमोजा घालून चेन ओढावी. ती सहज सरकली पाहिजे. वाळलेली बाभूळ दगडासारखी असते आणि बुंध्याला माती असेल तर नव्या चेनची धारही थोड्या वेळात जाते. भुश्याऐवजी पीठ पडू लागले की समजावे, धार गेली. बोथट चेन आणि मशीनला न पेलणारा लांब बार, या दोहोंचे ओझे इंजिनवर पडते आणि नाव मात्र इंजिनचे खराब होते.

दुसरी तपासणी इंधनाची. आपल्या मिस्त्रींना दोन स्ट्रोकचे इंजिन नवे नाही. लुना, चेतक आणि आर-एक्स १०० यांवर त्यांचा हात बसलेला आहे. पण येथे अंदाजाने तेल ओतणे चालत नाही. पुस्तकात ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर, आणि तेही दोन स्ट्रोकचेच तेल. जास्त तेल घातले की मशीन जास्त टिकेल ही समजूत चुकीची आहे. तेल वाढले की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी होते, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी बसून धुराची वाट अडते. तेल कमी पडले तर पिस्टनच सीझ होतो.

यात पेट्रोलच्या बदलाची भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्रास झाले. इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून बनते, म्हणजे आपल्या भागातल्या ऊस उत्पादकाचाही त्यात फायदा आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण अनेक चेनसॉ कंपन्यांच्या पुस्तकांत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल चालणार नाही असे लिहिलेले असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या मापाने लावलेल्या मशीनला इंधन अपुरे पडते, आणि ते सर्वांत आधी फुल रेसला जाणवते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते. पावसाळ्यात महिनाभर डब्यात पडलेले मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवावे; तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकून द्यावे. मिश्रण दोन-चार दिवस पुरेल एवढेच करावे, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन ठेवावी.

तिसरी तपासणी वाटांची. काही मिनिटे चांगली चालून मशीन बसू लागली तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. त्यावर ती सुधारली तर टाकीत हवा शिरण्याची वाट बंद आहे, दुसरे काही नाही. पाहून झाले की झाकण पुन्हा घट्ट लावावे. मग टाकीतला फिल्टर वाकड्या तारेने बाहेर काढून पाहावा, नळी दुमडली आहे काय ते पाहावे. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटकावा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आणि बारीक भुसा मिळून त्यावर लेपच बसतो. फिल्टर काढून मशीन चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

एवढे सगळे करून मगच कार्बोरेटर. हा कार्बोरेटर मोटारसायकलचा नाही. यात फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो, म्हणूनच मशीन आडवी-तिडवी धरली तरी चालते. त्याच्या छिद्रांत तार घालू नये. दुसरे म्हणजे मोटारसायकलचा एअर स्क्रू आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. येथे एच लिहिलेला स्क्रू आत, म्हणजे उजवीकडे फिरवला की पेट्रोल कमी होते. सवयीने हात चालवणारा मिस्त्री नेमका इथे फसतो. पेट्रोल कमी झालेली मशीन हवेत झकास किंचाळते, मालक खूश होतो, आणि लाकडात ती तापून बसते. म्हणून स्क्रू पाव वळशाहून अधिक फिरवू नये, आणि फिरवण्यापूर्वीची जागा लिहून ठेवावी. गॅरंटीच्या काळात तर दुकानदाराच्या माहितीशिवाय त्याला हातच लावू नये.

आणि दोष कोणाचा हे ठरवायचे असेल तर त्यालाही उपाय आहे. दोघांच्या समोर सायलेन्सर उघडावा आणि आतला पिस्टन पाहावा. पिस्टन गुळगुळीत असेल तर मशीन शाबूत आहे, दोष इंधनाच्या किंवा हवेच्या वाटेत आहे. त्यावर उभे ओरखडे असतील तर मशीन तेलाविना किंवा अपुऱ्या इंधनावर तापलेली आहे. मग प्रश्न एवढाच उरतो की तेलाचे प्रमाण गिऱ्हाइकाला कोणी सांगितले होते काय, की कंपनीचीच नळी गळकी होती.

म्हणून इतवाऱ्यातील असोत की गंजगोलाईतील, दुकानदार बंधूंना आमचे सांगणे आहे. चेनसॉ विकताना ती गिऱ्हाइकासमोर सुरू करा, एक ओंडका कापून दाखवा, तेलाचे माप हातात द्या आणि चार ओळी मराठीत किंवा उर्दूत लिहून द्या. पंधरा मिनिटे जातील, पण महिनाभराची तक्रार वाचेल. सुटे भाग मिळत नसतील तर ते विकण्यापूर्वीच सांगा. मालातला ऐब लपवू नये ही शिकवण आपल्याला घरातूनच आहे. न सांगितलेली माहिती हाही आमच्या मते ऐबच आहे.

कारागीर बंधूंनीही स्वस्ताच्या मागे लागून पावतीशिवाय मशीन घेऊ नये. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही असे सांगून काही वेळा परत पाठवले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली मशीन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते आणि जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पण त्यासाठी हातात पक्की पावती हवी, आणि मशीन इकडे-तिकडे उघडलेली नसावी.

शेवटी एक गोष्ट जिवाची. दम तोडणारी मशीन माणूस जोर लावून दाबतो, आणि त्यात बारचे टोक अडकले की ती उसळून अंगावर येते. मशीन बसू लागली की काम थांबवावे. लाकूड उद्याही कापता येईल.